नव्या देशात रुजताना: सार्वजनिक ग्रंथालयाच्या सेवेविषयी अभिप्राय

परदेशात बस्तान बसवताना आपण घर, बँक, फोन अशा कितीतरी सेवांचे ग्राहक होतो. परंतु आपण आता इथले रहिवासी आहोत ही जाणीव मला सर्वांत आधी दिली ती शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाने. म्हणूनच हा अभिप्राय पुस्तकसंग्रहापेक्षा, नव्याने आलेल्या माणसाशी ग्रंथालय कसे वागते याविषयी अधिक आहे. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्या १९९४ च्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या जाहीरनाम्यात राष्ट्रीयत्व वा भाषा न पाहता सर्वांना समान सेवा द्यावी, असे म्हटले आहे. इथे ते तत्त्व प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

सर्वांत मोलाचा आहे तो साप्ताहिक संभाषण गट. तिथले स्वयंसेवक व्याकरणाच्या मागे न लागता रोजच्या व्यवहारातले बोलणे घोटून घेतात. दवाखान्यात फोन करून वेळ घेण्याचा सराव चालू असताना आमची स्वयंसेविका मुद्दाम पाठमोरी बसून पलीकडच्या माणसाचे संवाद म्हणत होती, कारण फोनवर चेहरा, हातवारे, ओठांची हालचाल यांपैकी कशाचाच आधार मिळत नाही. समोरासमोर निभावून नेणारी माणसेही फोन वाजला की का बिचकतात, हे जाणणाऱ्यानेच हा सराव आखला असावा.

राखून ठेवलेल्या पुस्तकांचे कपाट ही किरकोळ सोय वाटेल. मात्र अनोळखी आडनावांच्या ओळीत आपल्या नावाची चिठ्ठी लावलेले पुस्तक उभे दिसते, तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी काहीतरी आठवणीने काढून ठेवले आहे, याचे फार बरे वाटते. एरवी सुरुवातीच्या काळात आपले नाव लिहिले जाते ते बहुधा अर्जदारांच्या यादीत.

उणिवाही आहेत. संभाषण गट कामाच्या दिवशी दुपारी भरतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना तो गाठता येत नाही. संध्याकाळी आणखी एक गट सुरू करणे अत्यंत गरजेचे आहे. सदस्यत्वासाठी पत्त्याचा पुरावा लागतो आणि तात्पुरत्या जागेत राहणाऱ्याच्या नावावर कोणतेच बिल नसते. अशा वेळी त्या पत्त्यावर आलेले टपालही चालते, पण ही सवलत विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, तेव्हा ती अवश्य विचारावी. तोपर्यंत आत बसून वाचायला आणि गटात सामील व्हायला सदस्यत्व लागत नाही.