परराष्ट्र धोरण शिकायचंय: जाहीर व्याख्यान, विद्यापीठाचा वर्ग की घरचा स्क्रीन?

वर्तमानपत्र उघडलं की आधी परदेशाच्या बातम्यांचं पान काढणारी माणसं गोव्यात पुष्कळ आहेत. कारणं घरातलीच असतात. कुणाचा मुलगा जहाजावर, कुणाचा भाऊ आखातात, कुणाचं अख्खं कुटुंब पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. व्हिसाचा एखादा नियम बदलला तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत त्याची चर्चा होते. अशा एखाद्याने हा विषय आता नीट शिकायचं ठरवलं, तर त्याच्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत: पणजी-दोनापावलच्या परिसरातली जाहीर व्याख्यानं, गोवा विद्यापीठाचा वर्ग आणि इंटरनेटवरचे अभ्यासक्रम.

या तिघांची तुलना फीवरून करण्यात फारसा अर्थ नाही, कारण व्याख्यानं बहुधा फुकट असतात आणि इंटरनेटवरही बरंच काही फुकट आहे. मी एकच कसोटी लावतो: ही वाट मला मूळ कागदापर्यंत नेते का? देशादेशांतलं भांडण, रुसवाफुगवा, समेट हे सगळं शेवटी तहात, ठरावात किंवा निकालपत्रात उतरतं. तो कागद ज्याने स्वतः वाचला नाही, त्याला विषयाची गोडी असेल, पण समज उसनीच राहते.

कसोटीसाठी प्रश्नही एकच घेऊ, आपल्या अंगणातला. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोव्यात सैन्य पाठवलं, ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत होतं का? गोव्यात प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं, म्हणून तर हा प्रश्न चांगला.

व्याख्यानाची संध्याकाळ

दोनापावलचं इंटरनॅशनल सेंटर, कांपालची कला अकादमी, ताळगाव पठारावरची विद्यापीठाची सभागृहं ही नेहमीची ठिकाणं. कला आणि संस्कृती संचालनालयाचा दामोदर धर्मानंद कोसंबी विचार महोत्सव २००८ पासूनचा. त्याचा विषय दर वेळी परराष्ट्र धोरण नसतो, पण वक्ते तोलामोलाचे येतात. शिवाय परराष्ट्र मंत्रालयाची एक व्याख्यानमाला आहे, तिच्यात निवृत्त राजदूत देशभरातल्या विद्यापीठांत जाऊन बोलतात. या व्याख्यानांच्या संहिता मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

निवृत्त राजदूताकडून जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. संयुक्त निवेदनातल्या एका विशेषणावरून रात्रभर चाललेली ओढाताण, समोरच्या देशाचा माणूस चहाच्या वेळी जे बोलला आणि टेबलावर बसल्यावर जे बोलला त्यातला फरक, राजधानीतून सूचना येईपर्यंत काढलेला वेळ. हे ज्ञान पुस्तकात फारसं उतरत नाही. आपला १९६१ चा प्रश्न विचाराल तर चांगला वक्ता १८ डिसेंबरच्या सुरक्षा परिषदेचं चित्र डोळ्यांसमोर उभं करील. युद्धबंदी आणि सैन्य माघारीची मागणी करणारा पाश्चात्त्य देशांचा मसुदा, अकरा सदस्यांपैकी सात बाजूने, चार विरुद्ध. त्या चारांत सोव्हिएत युनियन, म्हणजे नकाराधिकार. आणि ठराव पडला. उरलेले तीन विरोधक सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सभागृह टाळ्या वाजवतं.

पण प्रश्नाचं उत्तर मिळालं का? ठराव का पडला ते कळलं. कृती कायदेशीर होती का, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. तासाभराच्या व्याख्यानात त्याहून खोल जाता येत नाही, आणि निवृत्त अधिकारी जायला सहसा उत्सुकही नसतो. खुर्ची सुटली तरी जिभेवरचा सरकारी लगाम सुटायला वेळ लागतो. उरलेल्या प्रश्नोत्तरांच्या वेळात पहिला माइक अशा गृहस्थांच्या हाती जातो, ज्यांना प्रश्न विचारायचा नसून स्वतःचं भाषण करायचं असतं. हे कुठल्याही गावात, कुठल्याही सभागृहात.

दोन व्यवहारी गोष्टी. बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत होतात. मराठीत परराष्ट्र धोरणावर बोलणारे आपल्याकडच्या व्याख्यानमालांत येतात, पण मधूनच. आणि फोंडा, डिचोली, वाळपईच्या माणसाला कार्यक्रम संपल्यावर दोनापावलहून पणजीचं बसस्थानक गाठून पुढची कदंब बस पकडायची असते. स्वतःचं वाहन नसेल तर घड्याळाकडे बघत ऐकावं लागतं, आणि नेमका रंगलेला भाग सोडून उठावं लागतं.

वर्ग

गोवा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्रीय अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे, आणि एम.ए. म्हणजे दोन वर्षं, चार सत्रं. सुरुवातीला सिद्धान्त शिकावे लागतात. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद वगैरे. बातम्यांच्या ओढीने आलेल्याला हा भाग कोरडा लागतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्याला पहिलं सत्र इंग्रजी वाचनामुळेच जड जातं. ते धरून चाला.

पण आपला प्रश्न वर्गात नेला तर गंमत सुरू होते. शिक्षक मुरलेला असेल तर तो तुम्हाला १९६१ वर येऊच देणार नाही. आधी द हेगला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेईल.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेले. दमणहून तिथे माणसं पाठवायची तर मध्ये भारताचा प्रदेश, आणि भारत वाट देईना. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा ठोकला. या तीन तारखा ओळीने ठेवल्या तरी तयारी किती आधीपासून चालली होती ते दिसतं. भारताची बाजू मांडणाऱ्यांत अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते.

आता मराठी वाचकाचे कान टवकारावेत अशी गोष्ट. पोर्तुगालने आपल्या हक्काचा आधार म्हणून जो कागद पुढे केला तो मराठ्यांशी झालेला १७७९ चा तह. पेशव्यांनी दिलेल्या गावांवर आपलं सार्वभौमत्व आलं, असा त्यांचा दावा. न्यायालयाने तह आणि त्यानंतरच्या सनदा तपासून म्हटलं, मराठ्यांनी दिला तो महसूल, जहागीर किंवा सरंजाम. सार्वभौम सत्ता नव्हे. मात्र पुढे ब्रिटिशांनी प्रत्यक्षात पोर्तुगीजांची सत्ता मान्य करून टाकली होती, हेही न्यायालयाने नोंदवलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी नव्हता, आणि भारताने १९५४ मध्ये वाट अडवली त्यात त्याच्या कर्तव्याचा भंग झाला नाही. दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असं सांगता यावं, असा निकाल.

हे वाचल्यावर वर्ग पुढे सरकतो तो संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावांकडे. १४ डिसेंबर १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव वसाहतींना स्वातंत्र्य देण्याबद्दलचा. दुसऱ्याच दिवशीचा १५४२ पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी देतो आणि त्यांना स्वशासन नसलेले प्रदेश ठरवतो. त्या यादीत गोवा आहे. म्हणजे लिस्बनचं ‘हा आमचा सागरापारचा प्रांत’ हे म्हणणं संयुक्त राष्ट्रांनी वर्षभर आधीच नाकारलं होतं. भारताची बाजू यावर उभी राहते. विरुद्ध बाजू संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या बळाचा वापर न करण्याच्या कलमावर. दोन्ही कागद समोर ठेवून निबंध लिहावा लागतो, तुमची बाजू कच्ची असेल तर गुण कापले जातात, आणि त्या दुखण्यातूनच विषय अंगात मुरतो. टाळ्यांच्या संध्याकाळीत हे होत नाही.

तोटा उघड आहे. नोकरी करणाऱ्याला दिवसाचे वर्ग आणि हजेरी जमत नाही. त्याच्यासाठी विद्यापीठातच एक मधली वाट आहे: अभ्यागत प्राध्यापकांच्या अध्यासनांखाली होणारे छोटे अभ्यासक्रम. ते बाहेरच्या लोकांनाही खुले ठेवले जातात. कोसंबींच्या नावाचं एक अध्यासन आहे, बांदोडकरांच्या नावाचं आहे, कुन्य रिव्हाराच्या नावाचं आहे. विषय दर वेळी बदलतो, परराष्ट्र धोरणाचा असेलच असं नाही. पण जुळला तर सोडू नये.

दुसरा पर्याय इग्नूचा. तिथल्या राज्यशास्त्राच्या एम.ए.मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध हा पहिल्या वर्षाच्या चार विषयांपैकी एक, आणि दुसऱ्या वर्षी भारत आणि जग हा ऐच्छिक. म्हणजे हवा तो माल मर्यादितच. साहित्य मात्र इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहे, प्रवेश न घेताही वाचता येतं. इंग्रजी जड जात असेल तर हिंदी प्रत घ्या.

घरचा स्क्रीन

इथे चांगलं आणि टाकाऊ शेजारी-शेजारी असतं. लंडन विद्यापीठ आणि त्यातलीच सोआस ही संस्था यांचा आधुनिक राजनयावरचा अभ्यासक्रम कोर्सेरा या संकेतस्थळावर आहे, नवख्यासाठी बरा. डिप्लो फाउंडेशनचे वर्ग अधिक गंभीर, पण फी युरोत, आणि ते बनलेत छोट्या देशांच्या अधिकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. हौशी माणसाने तिथे पैसे घालू नयेत असं माझं मत. त्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय कायद्याचं दृक्‌श्राव्य ग्रंथालय फुकट आहे आणि तिथे मोठमोठे कायदेपंडित शिकवतात. दिल्लीच्या ज्या संरक्षण अभ्यास संस्थेला २०२० मध्ये मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं, तिचे लेखही खुले आहेत.

मराठी यूट्यूबबद्दल स्पष्टच लिहितो. लाल अक्षरांत ‘जग हादरलं’ लिहिलेलं चित्र आणि खाली दहा मिनिटांची आरडाओरड, हे शिक्षण नव्हे. मराठीत अभ्यासून, संयमाने बोलणारेही आहेत. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे ते करार वाचून दाखवतात.

पडद्यावर आपला १९६१ चा प्रश्न कसा सुटतो? निकालपत्र, दोन्ही ठराव, सुरक्षा परिषदेचं इतिवृत्त, सगळं अर्ध्या तासात सापडतं. ते कुठल्या क्रमाने वाचायचं आणि कुठे थांबून विचार करायचा, हे सांगणारं मात्र कुणी नसतं. ज्याला स्वतःला शिस्त आहे त्याचं यावाचून अडत नाही. सरावासाठी एक कागद सुचवतो: ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांची) शिखर परिषद झाली, तिचा गोवा जाहीरनामा. शंभराहून अधिक परिच्छेद आहेत. त्या वेळी आपल्याला दिसले ते बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते. पंतप्रधानांनी परिषदेत शेजारी देशाबद्दल कडक शब्द वापरले होते. जाहीरनाम्यात दहशतवाद आहे, सीरियातल्या संघटनांची नावं आहेत, पण भारताला हवी होती ती पाकिस्तानातल्या संघटनांची नावं नाहीत. चीन टेबलावर असताना एकमताचा मसुदा कसा बनतो हे त्या गैरहजेरीतून शिकावं.

मग कुणी काय करावं

वय एकवीस-बावीस, संशोधनाची किंवा अध्यापनाची इच्छा: विद्यापीठ. पुणे, दिल्ली परवडत असेल तर तिथल्या संस्थाही बघा, पण ताळगावचं एम.ए. दुय्यम समजू नका. लॅटिन अमेरिका आणि पोर्तुगीजभाषी देशांकडे गोव्यातून बघण्यात एक वेगळेपणा आहे. विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. बाहेर पणजीत कामोंइश केंद्र आणि फुन्दासांव ओरिएन्त या पोर्तुगीज भाषा-संस्कृतीच्या संस्था आहेत. भाषा जोडीला घेतली तर पणजीचं पुराभिलेख खातं तुमच्यासाठी उघडतं. त्याची सुरुवात १५९५ सालची. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार, मराठी कागद, वकिलांच्या (म्हणजे त्या काळच्या राजदूतांच्या) नेमणुका तिथे आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरांतून पोर्तुगीजांच्या दरबारी काम करणाऱ्या इथल्या हिंदू, मुसलमान, पारशी वकिलांचा शोध घेतला. दिल्लीतल्या कुठल्याही विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी ही सोय आहे, आणि आपल्याकडची मुलं तिकडे फिरकत नाहीत.

भारतीय परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. ती वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते. मुख्य परीक्षेत आंतरराष्ट्रीय संबंध सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात येतात, राज्यशास्त्र वैकल्पिक घेतलं तर आणखी ५०० गुणांपैकी मोठा वाटा, आणि उत्तरं मराठीतून लिहिता येतात. एम.ए.ची अट नाही.

नोकरदारांनी घरचा स्क्रीन आणि जुळेल तेव्हा अभ्यागत प्राध्यापकाचा छोटा अभ्यासक्रम, असं धरावं. निवृत्तांनी खुशाल व्याख्यानांना जावं, फक्त जाण्याआधी विषयाचा एक तरी मूळ कागद वाचून जावं. नाव मोठं पण उपयोग नाही असंही एक ठिकाण आहे: वेरेंचं नौदल युद्ध महाविद्यालय. तिथे हिंद महासागरातल्या देशांचे नौदलप्रमुख जमतात, पण तो कार्यक्रम जनतेसाठी नसतो.

पुढच्या व्याख्यानाला जाल तेव्हा न्यायला एक कागद आणि एक प्रश्न देतो. कागद: ३१ डिसेंबर १९७४ चा भारत-पोर्तुगाल करार, सह्या यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरिश यांच्या. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व त्यात मान्य झालं, तेही हे प्रदेश भारतात सामील झाले त्या तारखेपासून. प्रश्न: गोवा तेरा वर्षं ताब्यात असताना भारताला ही सही कशाला हवी होती? माइक हातात आला की एवढंच विचारा आणि बसा.