ईव्हीएची एकसंध चप्पल: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी दापोलीच्या बाजारातून ईव्हीए या मऊ, फेसाळ प्लास्टिकची एक स्लायडर चप्पल ३५० रुपयांना घेतली. तळ आणि पट्टा एकाच साच्यातून निघालेले असल्यामुळे तिला शिवण नाही, खिळा नाही आणि चिकटवलेला जोडही नाही. पावसात चप्पल दगा देते ती बहुधा जोडापाशीच, हे तुटका अंगठा हातात धरून चिखलातून घर गाठलेल्यांना वेगळे सांगायला नको.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही पायांची मिळून ही चप्पल २४० ग्रॅम भरली. ईव्हीए हा इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेट यांचा सहबहुवारिक आहे, म्हणजे या दोन्हींचे रेणू एकाच लांब साखळीत गुंफून तो बनतो. नुसत्या पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना लागून शिस्तीत बसतात, म्हणून ते ताठर असते. व्हिनाइल ॲसिटेटमुळे ती शिस्त मोडते आणि त्याचे प्रमाण वाढवावे तसा पदार्थ रबरासारखा मऊ होत जातो. पीव्हीसीच्या चपलेत मऊपणासाठी वरून मिसळलेले द्रव्य हळूहळू निघून जाते आणि ती कडक होऊन तडकते. ईव्हीएचा मऊपणा मात्र अंगचाच असतो. साच्यात त्याला फेस आणला जातो आणि पेरॉक्साइड या रसायनाने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. साचा उघडताच चप्पल फुगून त्याच्याहून मोठी होते आणि उसळून बाहेर येते. फेसाचे बुडबुडे बंद असल्यामुळे पाणी आत शिरत नाही. चार महिने रोज भिजूनही हिला ना बुरशी आली ना कुबट वास, आणि फडके फिरवले की ती लगेच कोरडी होत असे.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही लहान नाहीत. तळाची नक्षी दिवाळीपर्यंत टाचेखाली गुळगुळीत झाली आणि शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर मी एकदा बसकण मारली. ओल्या फरशीवर घन रबराचा तळ जशी पकड घेतो तशी हा हलका फेस घेत नाही, त्यामुळे घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांच्यासाठी ही चप्पल मी घेणार नाही. रोजच्या दाबाने फेसही बसतो. टाचेची जाडी मी पट्टीने मोजली तेव्हा ती नव्यापेक्षा ५ मिलिमीटर कमी भरली.

दुसरी तक्रार उष्णतेची, आणि ती दुकानदाराने सांगायला हवी होती. उन्हाने हा फेस आकसतो. एप्रिलमध्ये धुतलेली चप्पल गच्चीवर पत्र्याला टेकवून ठेवली आणि संध्याकाळी पायात घातली, तर टाच बोटभर बाहेर. ग्लू गनच्या कांडीत बहुधा हेच ईव्हीए असते आणि थोड्याशा आचेने ते पाघळते, हे आधी आठवले असते तर चप्पल सावलीत वाळवली असती. साखळ्या बांधलेल्या असल्यामुळे चप्पल वितळली नाही, पण मूळ मापावरही परत आली नाही. आठ नंबरची ती चप्पल आता सात नंबरच्या भाच्याच्या पायात आहे, आणि मी त्याच दुकानातून तशीच दुसरी घेतली आहे.