फोल्डिंग इंजिन क्रेन घेताना शेवटचं भोक बघा

कोल्हापुरात घरच्या पोर्चमध्ये गाडी खोलणाऱ्यांची कमी नाही. उद्यमनगरची वर्कशॉपं जवळ असल्यावर बोअर मारायला, हेड फेस करायला, क्रँक ग्राइंड करायला लांब जावं लागत नाही. अडतं ते इंजिन उतरवताना. पूर्वी चेन ब्लॉक आणि तीन पाइपांचा घोडा यावर काम भागायचं. आता घडीची हायड्रॉलिक क्रेन सहज मिळते. आठ टनी लांब जॅक, सहा चाकं, वर दुमडणारे दोन पाय, खांबाला जोडलेला हुकाचा दांडा आणि त्यावर '२ टन' असं ठळक स्टिकर. दिसायला सगळ्या सारख्याच, पण वापरताना फरक पडतो.

निकाल आधीच देतो. जीप, बोलेरो अशा डिझेल गाडीसाठी २ टनीच घ्यावी, पण ती २ टन उचलायला नाही, तीनशे किलो निर्धास्त उचलायला. फक्त ८०० किंवा अल्टोच हाताळणार असाल तर १ टनी पुरते.

कारण दांड्यातल्या भोकांत आहे. पुढचा आतला पाइप बाहेर ओढून बोल्ट घालायला चार भोकं असतात. २ टनी क्रेनवर ती सहसा २०००, १५००, १००० आणि ५०० किलोची, तर १ टनीवर १०००, ७५०, ५०० आणि २५० किलोची. गाडीत इंजिनापर्यंत हूक पोचवायला दांडा बहुतेक वेळा शेवटच्या नाहीतर त्याच्या आधीच्या भोकापर्यंत ओढावा लागतो. गिअरबॉक्ससह डिझेल इंजिन अडीचशे ते तीनशे किलो धरलं तर १ टनी क्रेन तिथंच बाद होते. म्हणून दुकानात 'किती टनी?' असं विचारू नका, शेवटच्या भोकाला किती, ते विचारा. आणि दांड्यावर भोकाभोकाला आकडे छापलेले नसतील तर ती क्रेन घेऊच नका.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मोडतोड होते ती यातूनच. समजा खांबावरच्या पिनेपासून जॅक ४० सेंटीमीटरवर दांड्याला लागतो आणि हूक १५० सेंटीमीटरवर आहे. म्हणजे हुकाला ३०० किलो टांगले की जॅकवर पावणेचार पट, ११२५ किलोंचा जोर येतो. जॅक तिरका असतो आणि दांड्याचं वजन असतं, म्हणून आणखी थोडा. आठ टनी जॅकला हे काहीच नाही. आता त्याच शेवटच्या भोकाला चुकून २ टन टांगले तर जॅकवर येतात साडेसात टन. तेही जॅक उचलायला बघेल! त्याचा ओव्हरलोड व्हॉल्व्ह असतो तो जॅकच्या ताकदीच्या हिशोबानं, दांड्याच्या नव्हे. टॉमी, म्हणजे जॅकचा दांडका, हाताला जड लागेल, पण काही अडल्यासारखं वाटणार नाही, आणि वाकेल तो आतला पाइप. नाहीतर क्रेनच पुढं कलंडेल. जॅक उचलतोय म्हणजे क्रेन पेलतेय, ही समजूत डोक्यातून काढून टाकावी.

कलंडण्याची परीक्षा दुकानातच होते. क्रेन पूर्ण उघडायला लावा, दांडा शेवटच्या भोकात घ्या आणि जमिनीला समांतर आणा. हूक सगळ्यात पुढं जातो तो याच वेळी, वर-खाली होताना तो मागं सरकतो. हुकातून गवंड्याचा ओळंबा सोडा. ओळंब्याचं टोक पुढच्या चाकांच्या आसाच्या आत पडलं पाहिजे, निदान चार बोटं तरी. बाहेर पडलं तर ते भोक नाहीच असं समजून वापरायचं. मग ५०० किलोचा छापील आकडा काय कामाचा? काही मॉडेलमध्ये पायही पुढं सरकवता येतात. ती चांगली, फक्त घरात तेवढी लांबी हवी.

त्याच वेळी आतल्या पाइपाचं टोक हातानं डावीकडं-उजवीकडं हलवून बघा. पाइप बाहेर गेला की एकमेकांत राहणारा भाग कमी होतो आणि ढिलाई वाढते. थोडी हालचाल असणारच, पण दोन पाइपांमध्ये बाजूला तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर दुसरा नग काढायला सांगा.

उंचीचा हिशोब बरेचजण विसरतात. गाडीच्या पुढच्या आडव्या पट्टीची (बॉनेट जिथं टेकतं ती) उंची ९० सेंटीमीटर धरा. त्यावरून जायचं तर खाली लोंबणाऱ्या संपसह (तेलाच्या टाकीसह) इंजिनाची उंची साधारण ७० सेंटीमीटर. त्यावर साखळी आणि लेव्हलर (टांगलेलं इंजिन पुढं-मागं कलतं करायची स्क्रूची पट्टी) मिळून ४५. म्हणजे हूक दोन मीटर पाच सेंटीमीटरवर पोचला पाहिजे, आणि दांड्याचं टोक त्याच्याही वर. आता त्यात भर: क्रेनचे पाय चाकांसह १५ ते २० सेंटीमीटर उंच असतात. ते गाडीखाली सरकवायला गाडीचा पुढचा भाग जॅक स्टँडवर घ्यावा लागतो, की पुढची पट्टी तेवढीच वर गेली. पोर्चचं बीम किंवा शटरचा ड्रम इथंच आडवा येतो. क्रेन घ्यायच्या आधी टेप घेऊन हे मोजा. कमी पडत असेल तर साखळी आखूड करा, लेव्हलर काढून टाका किंवा पुढची जाळी, रेडिएटर, बंपर सोडवा. हे सोडवण्याचा दुसरा फायदा मोठा आहे: खांब वीस-पंचवीस सेंटीमीटर इंजिनाजवळ येतो, दांडा एक भोक मागं घेता येतो आणि ५०० किलोची क्रेन तिथंच १००० ची होते. अर्ध्या तासाच्या कामात एवढं पदरात पडत असेल तर कंटाळा करू नये.

स्टँड लावताना ते पुढच्या चाकांच्या मागं, साइड पट्टीच्या मजबूत जागी लावा. पुढं लावले तर क्रेनच्या पायांना आडवे येतात. हॅचबॅकच्या दोन पुढच्या टायरांमधली मोकळी जागा आणि क्रेनच्या उघड्या पायांची बाहेरून-बाहेरून रुंदी हीदेखील आधी मोजून घ्या. छोट्या गाडीत दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार बोटं उरतात.

आता जॅक. डबल पंपाचा जॅक टॉमी खाली दाबतानाही चढतो आणि वर उचलतानाही. वेळ निम्मा लागतो, म्हणून दुकानदार तोच पुढं करतात. पण घरच्या कामात चढवण्याच्या वेगापेक्षा उतरवण्याचा ताबा महत्त्वाचा. इंजिन परत बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या दात्यांत नेमका घालायचा असतो. तिथं दोन-तीन मिलीमीटरचा खेळ चालतो. रिलीज व्हॉल्व्ह (दांडा खाली उतरवायचा) पाव फेरा फिरवला आणि इंजिन धपकन दहा सेंटीमीटर खाली आलं तर माउंटिंग, संप किंवा बोटं यांपैकी काहीतरी जाणारच. म्हणून रिकामी क्रेन वर-खाली करून दाखवली तर ती परीक्षा मानू नका, रिकामा दांडा हळूच उतरतो. भार लावून बघा. सिमेंटची सहा पोती म्हणजे तीनशे किलो. फळीवर रचून पट्ट्यानं शेवटच्या भोकाला टांगा, जमिनीपासून वीतभर उचला, जॅकच्या रॉडवर मार्करनं खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. खूण एक-दोन मिलीमीटर सरकली तर चालेल, बोटभर खाली आली तर व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय. मग व्हॉल्व्ह केसभर उघडून पोती सावकाश टेकवता येतात का, ते बघा. एवढी तपासणी करू देणारा दुकानदार शोधावाच लागेल. ऑनलाइन घेतलीत तर परत करायची मुदत संपायच्या आत घरी करा.

नवा जॅक पहिल्या दिवशी स्पंजासारखा दबतो, त्याला दोष देऊ नये. आत हवा असते. रॉड पूर्ण आत, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि टॉमी दहा-पंधरा वेळा मारायची, मग व्हॉल्व्ह बंद करून चढवून बघायचं. थोडं चढून पुढं थांबत असेल तर तेल कमी आहे. रॉड आत असताना फिलर भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं, आणि तेल हायड्रॉलिक ३२ नंबरचं. घरात उरलेलं ब्रेक ऑइल मुळीच घालायचं नाही, त्यानं आतले नायट्राइल रबरचे सील फुगतात आणि जॅक कायमचा जातो. हळूहळू उतरणाऱ्या जॅकचं कारण पुष्कळदा रिलीज व्हॉल्व्हच्या गोळीखाली अडकलेला रंगाचा पापुद्रा असतो. तेल काढून, धुऊन, नवं भरलं की सुटतं.

चाकं हा या क्रेनचा सगळ्यात कच्चा भाग. तीन-साडेतीन इंची लोखंडी चाक कारखान्याच्या गुळगुळीत फरशीवर फिरतं, शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतं आणि पेव्हिंग ब्लॉकवर तर रुततं. टांगलेल्या इंजिनासह अडकलेली क्रेन ढकलली की इंजिन झोका घेतं आणि सगळा भार एका पायावर येतो. बेअरिंगची चार इंची पॉलियुरेथेन चाकं बसवून घ्यावीत. मोठं चाक घातलं की पायाची उंचीही वाढते, ते गाडीखालच्या हिशोबात धरा. फरशी खराब असेल तर बारा एमएम प्लायवूडचे दोन तक्ते अंथरले तरी भागतं. सगळ्यात बरं म्हणजे भार घेऊन क्रेन हलवायचीच नाही: इंजिन पट्टीच्या वर आलं की स्टँड काढून गाडी मागं ढकला आणि इंजिन जागेवरच वीतभर उंचीपर्यंत खाली घ्या.

सोबत येणारे नटबोल्ट मात्र बदलाच. लक्ष्मीपुरीत ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट मिळतात, डोक्यावर ग्रेड कोरलेला असतो. खांबाच्या पिना आणि दांड्याचा बोल्ट आधी बदला. पाय वर दुमडल्यावर अडकवायच्या पिनांना छोटी साखळी बांधून टाका. पिन निसटली की दहा-बारा किलोचा पाय थेट पावलावर पडतो.

लेव्हलर घ्यावा, पण त्याच्या स्क्रूला ग्रीस दिल्याशिवाय भाराखाली फिरवू नये. साखळी ग्रेड ८० ची. साखळीचा कोन फार महत्त्वाचा: दोन साखळ्या आडव्यापासून ६० अंशांत असतील तर प्रत्येकीवर भाराच्या ५८ टक्के ताण येतो, ३० अंशांत असतील तर प्रत्येकीवर पूर्ण भार. उंची वाचवायला साखळी आखूड करताना हे विसरू नका, मधे आडवी पट्टी घाला. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बोल्ट घालत असाल तर त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आटे आत गेले पाहिजेत.

उद्यमनगरात फॅब्रिकेटरकडून बनवून घेण्याचा पर्याय आहेच. पाइपाची जाडी मनासारखी मिळते, चाकं हवी ती लावता येतात, मोडलं तर दारात दुरुस्ती. अडचण येते ती जिगशिवाय, म्हणजे भोकं एकसारखी पाडायच्या साच्याशिवाय, मारलेल्या भोकांत. डाव्या-उजव्या पायाची भोकं दोन मिलीमीटरनं इकडंतिकडं झाली की क्रेन कायम तिरकी उभी राहते. म्हणून सांगाडा तयार घ्यावा, आणि चाकं-बोल्ट इथं सुधारून घ्यावेत.

ओम्नी किंवा ईकोसाठी मात्र ही क्रेन घेऊ नका. इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि ते खालून उतरतं. आणि क्रेन नाही म्हणून सोप्यातल्या झोपाळ्याच्या कड्यांना चेन ब्लॉक लावण्याचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून करू नका. त्या कड्या माणसांच्या भारासाठी टाकलेल्या असतात, एका कडीला एकदम तीनशे किलो देण्यासाठी नाही.

घडी घातल्यावर क्रेन साधारण दोन फूट चौरस जागेत मावते, पण तिचं वजन सत्तर-नव्वद किलो असतं आणि खालची चाकं फिरती. उतार असलेल्या पोर्चमध्ये ती भिंतीतल्या कडीला दोरीनं बांधूनच ठेवा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. पावसाळ्याआधी जॅकचा रॉड पूर्ण आत घ्या, म्हणजे त्याच्या चकचकीत भागाला गंज लागत नाही, आणि सगळ्या पिनांना ग्रीस द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गल्ल्यांत पाणी आलं, तिथं राहणाऱ्यांनी जॅक दोन बोल्ट काढून माळ्यावरच टाकावा. सांगाडा पाण्यात राहिला तर धुऊन रंगवता येतो, जॅकमध्ये गाळाचं पाणी शिरलं की तो सील किटनंही पूर्ववत होत नाही.