दोन बादल्यांचं मिल्किंग मशीन: धार चोख, खरी परीक्षा धुण्याची

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात आठ-दहा जनावरांच्या गोठ्यांसाठी दुकानदार आता दोन बादल्यांचं मिल्किंग मशीन पुढे करतात. धार काढायला ते चोख आहे. पल्सेटर (सड आळीपाळीने दाबणारा-सोडणारा भाग) मिनिटाला ६० च्या आसपास ठोके देतो, व्हॅक्यूम (हवेची ओढ) बरोबर ठेवला तर सडांना त्रास नाही, गडी आला नाही तरी काम अडत नाही. पण दुकानात धार काढून दाखवतात, धुऊन कुणी दाखवत नाही.

स्टीलच्या गुळगुळीत बादलीची काळजी नाही, काळजी झाकणाच्या रबरी गॅस्केटची. आठवडाभर न काढलेलं गॅस्केट खाचेतून उचकटून पाहा: खाली पिवळट, बुळबुळीत थर आणि आंबूस वास. हीच बायोफिल्म. दुधातल्या प्रथिनांचा पापुद्रा आधी रबरावर बसतो, त्यावर जिवाणू टेकतात. सुरुवातीला ते पाण्यानेही निघतात. काही तास मिळाले की भोवती चिकट पदार्थ सोडून घट्ट धरतात, मग क्लोरीन वरवर फिरतं आणि आतले जगतात. पुढच्या धारेचं दूध त्यांच्यावरूनच जातं. क्लॉ (चारही सडांचं दूध जिथे एकत्र येतं तो भाग) याच्या नळ्यांची तोंडं आणि झाकणातला व्हॉल्व्ह या तशाच जागा. व्हॅक्यूमची नळी तर सगळेच विसरतात. लायनर (सडावर बसणारी रबरी नळी) फाटला किंवा बादली काठोकाठ भरली की या नळीत दूध ओढलं जातं आणि तिथेच आंबतं.

धार संपली की लगेच ३५ ते ४० अंशांचं कोमट पाणी मशीननेच ओढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. उकळतं पाणी आधी घातलं तर प्रथिनं भाजल्यासारखी चिकटतात. मग डेअरीची अल्कली पावडर, डब्यावर लिहिलेल्या मापाने, ६० ते ७० अंशांच्या पाण्यात. ओढताना क्लस्टर (क्लॉ आणि लायनरचा जुडगा) मधूनमधून पाण्याबाहेर उचलायचा. हवा आणि पाणी आळीपाळीने गेलं की नळीत खळबळ होते आणि घासल्यासारखं काम होतं. पाणी ४० अंशांखाली उतरायच्या आत आटपायचं, नाहीतर सुटलेली चरबी परत बसते. कपड्यांची पावडर नको, तिचा फेस व्हॅक्यूममध्ये जातो. तारेची घासणीही नको, तिने पडलेल्या चरांतच जिवाणू घर करतात. लायनरला लांब ब्रश, शेवटी साधं पाणी, आणि क्लस्टर तोंडं खाली करून टांगायचा. ओला गुंडाळून ठेवलेला क्लस्टर सकाळी वास मारतो.

बोअरचं पाणी जड असेल तिथे पांढरट खडी धरते आणि तिच्या खडबडीत अंगावर थर लवकर बसतो. आठवड्यातून एकदा ॲसिडची धुलाई हवी, पाणी फारच जड असेल तर दोनदा. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एकत्र करायचं नाही, विषारी वायू सुटतो.

दूध नंदिनीला जावो की सीमेपलीकडे गोकुळला, फॅट-एसएनएफ (चरबी आणि बाकीचे घन घटक) मोजणाऱ्या मशीनवर हे जिवाणू दिसत नाहीत. दुधात निळा रंग घालून जिवाणू जोखणाऱ्या मिथिलीन ब्ल्यूच्या चाचणीत रंग लवकर उडतो, तेव्हा कळतं. ४ अंशांना थंड केल्यावरही स्यूडोमोनास हा जिवाणू वाढत राहतो. पाश्चरायझेशनमध्ये ७२ अंशांवर १५ सेकंदांत तो मरतो, पण त्याची एन्झाइम्स टिकतात आणि पुढे दूध कडवट होतं. म्हणून दोष डेअरीत दिसला तरी त्याचं मूळ गोठ्यात असू शकतं.

पाच-सहापेक्षा जास्त जनावरं आणि दोन्ही वेळेला गरम पाण्याची सोय असेल तर मशीन जरूर घ्या. दोन म्हशींना हाताची धारच बरी, धुवायला एक बादली पुरते. विकत घेताना दुकानदाराला क्लॉ, झाकण, व्हॉल्व्ह समोर उघडायला सांगा. पान्याशिवाय न उघडणारं मॉडेल सोडा, कारण ते रोज कुणी उघडत नाही. रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर बदलायचा: १० गाई, दोन क्लस्टर, दोन वेळा, म्हणजे सुमारे ८ महिने. त्याआधी आतून तडे दिसले तर तेव्हाच. जोडीला गॅस्केटचा एक जादा संच आणि लायनरच्या मापाचा ब्रश त्याच बिलात घ्या.