पोअर-ओव्हर की फ्रेंच प्रेस?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॅफेत चिकमगळूरची एकच कॉफी दोन्ही पद्धतींनी मागवा. फरक जिभेला लगेच कळतो.

पोअर-ओव्हर म्हणजे फिल्टर कागदातल्या पुडीवर गरम पाणी ओतून कॉफी गाळणं. त्याला १५ ग्रॅम मध्यम दळलेली पूड, २५० मिली पाणी. आधी ४० मिली ओतून अर्धा मिनिट थांबायचं; पूड फुगते, बुडबुडे येतात, वायू निघून जातो. कागद तेल अडवतो, म्हणून कप स्वच्छ, आंबटगोड. ३ मिनिटं लागतात. दीड मिनिटातच गळली तर दळण जाड, कॉफी पाणचट. कोल्हापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उकळी उतरल्यावर मिनिटभर थांबलं तरी पुरे.

फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीचा दांडा असलेलं भांडं; पूड त्यातच पाण्यात भिजते आणि दांडा दाबला की तळाशी राहते. प्रमाण तेच, पूड मात्र भरड. ४ मिनिटांनी दांडा हळू दाबून लगेच ओता, नाहीतर कडवटपणा वाढतो. दूध हवंच असेल तर हीच घ्या. पोअर-ओव्हर दुधात हरवते.