लेन्स झकास, सल्ला त्याहून झकास, ट्रायपॉड मात्र घरचा न्या

लातुरात कॅमेऱ्याचं सामान भाड्यानं मिळतं, त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहितोय. नाव घेत नाही, कारण तक्रारही करायचीय.

"गुरुजी, लग्न कुठलं?" दुकानदारानं पहिल्यांदा हेच विचारलं. म्हटलं, लग्न नाही, दगड! रायचूरजवळ, तेलंगणाच्या हद्दीत, कृष्णाकाठी मुडुमाल आहे. दहा ते चौदा फुटांचे सुमारे 80 प्रागैतिहासिक दगड तिथं उभे आहेत. 2025 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचं नाव आलं. मला 21 डिसेंबरचा सूर्योदय त्या रांगांतून टिपायचा होता.

त्यासाठी वाइड लेन्स, म्हणजे एका फोटोत जास्त दृश्य मावणारी, मागितली. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग वाइड कशाला? 70-200 न्या की." वाइडचं भाडं दिवसाला 400, या दूरचं जवळ आणणाऱ्या 70 ते 200 मिलीमीटर फोकल लांबीच्या लेन्सचं 900. वाटलं, गिऱ्हाईक कापतोय. तरी उगीच राहू नये म्हणून दोन्ही घेतल्या.

सोलापूरहून रेल्वेनं रायचूर, तिथं मुक्काम, पहाटे जीपनं मुडुमाल. त्या दिवशी सूर्य पूर्वेच्या साधारण 24 अंश दक्षिणेला उगवतो, म्हणून होकायंत्र लावून आदल्या संध्याकाळीच जागा खुणावून ठेवली होती. पावणेसातच्या सुमाराला लाल कड दिसली. वाइडनं फोटो घेतला तर दगड राक्षसासारखा आणि सूर्य मोहरीएवढा. कारण साधं आहे: सेन्सरवर सूर्याचं चित्र फोकल लांबीच्या साधारण शंभराव्या भागाएवढं पडतं. 200 ला दोनेक मिलीमीटर, 10 ला मिलीमीटरचा दहावा हिस्सा. घाईघाईनं लेन्स बदलली, ऐंशी पावलं मागं सरलो, आणि दगडाच्या खांद्यावर चांगला टपोरा सूर्य बसला. (अशा वेळी डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही, मागच्या स्क्रीनवरच बघायचं.) लग्नवाल्याचंच खरं निघालं.

वाइड अगदीच वाया गेली नाही. एका दगडावर सप्तर्षींसारखे खळगे आहेत. दुपारी ते दिसतसुद्धा नाहीत, पण सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्यात सावलीचा थेंब साचतो.

आता ट्रायपॉड. लातुरात उघडून बघितला नाही, ही माझी चूक. पण पाणसळीतला बुडबुडा आटलेला आणि एका पायाची कळ घसरणारी, हे दुकानानं सांगायला हवं होतं. तिथले दगड आधीच कललेले, त्यात कॅमेराही कलला तर सरळ कुणाला मानायचं? शेवटी वडिलांचा गवंडीकामाचा ओळंबा पिशवीत होता, तो हेडला टांगून कॅमेरा सरळ केला आणि घसरत्या पायाखाली चपटा खडा सरकवला.

दुसरी कुरकुर हिशोबाची. शुक्रवारी संध्याकाळी सातला सामान उचललं, तर तो दिवसही पूर्ण धरला. वाद घातला, तेव्हा दोनशे सोडले. लेन्स मात्र दोन्ही काचेसारख्या स्वच्छ, बुरशीचा ठिपका नाही, आणि डिपॉझिट जागेवर परत.

जाणाऱ्यांसाठी एक सांगतो: 21 तारीख हुकली म्हणून हळहळू नका. अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, आगेमागे चार-पाच दिवस सूर्य जवळपास त्याच जागी उगवतो. मार्चातल्या विषुवदिनाला, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, मात्र उगवतीची जागा रोज अर्ध्या अंशाच्या आसपास सरकते, तिथं तारीख सांभाळावीच लागते. मी तेव्हा पुन्हा जातोय. 70-200 आत्ताच सांगून ठेवलीय.