टेक्स्चर विकताना अदृश्य वॉटरमार्क: ११ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, या वॉटरमार्कच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहिणार नाहीये, कारण माझं त्यांच्याशी भांडण नाही आणि या जातीची सॉफ्टवेअरं आतून साधारण एकाच पद्धतीने चालतात. मी अ‍ॅनिमेशनवाल्यांना टेक्स्चर विकते. म्हणजे जांभ्याच्या भिंती, सारवलेली जमीन, गंजलेले पत्रे, ओल धरलेला चुन्याचा गिलावा असलं शोधत फिरायचं, फोटो काढायचे, त्यातल्या सावल्या मारायच्या, चारी कडा जुळवून टाइल करायचं (म्हणजे फरशीसारखं शेजारी शेजारी लावलं तरी सांधा दिसत नाही) आणि बेस कलर (रंग), नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा), रफनेस (खरखरीतपणा), डिस्प्लेसमेंट (उंचसखलपणा) अशा इमेजचा, म्हणजे मॅपांचा, सेट करून विकायचा. थ्रीडीवाला ते मॉडेलवर चढवतो की झाली भिंत. माझ्याकडे १४० सेट आहेत, त्यातले कमवून देणारे वीसेक, बाकीचे हार्डडिस्कवर जागा अडवून बसलेत.

घेतलं का, तर गेल्या वर्षी माझा एक पूर्ण पॅक एका चॅनेलवर फुकट वाटताना सापडला आणि तो कुणी फोडला हे कळायला काही मार्गच नव्हता, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच झिप जात होती ना. प्रीव्ह्यूवर आडवं नाव छापायचे मी, पण ते आता एआयवाली टूलं दोन क्लिकमध्ये पुसतात. आणि तसंही चोरी प्रीव्ह्यूची होत नाही, विकत घेतलेल्या फाईलची होते. मग हे घेतलं. डॉलरमध्ये वर्गणी, वर बँकेचा मार्कअप, वर जीएसटी, त्यामुळे पहिल्याच दिवशी जीव जळला.

चालतं कसं, तर पिक्सेलच्या रंगात डोळ्याला कळणार नाही एवढा फरक करून आत एक नंबर लपवतात, नंतर डिटेक्टरला फाईल दिली की तो नंबर वाचून दाखवतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा नंबर देते, वहीत नाव लिहिते (हो, वहीतच, एक्सेल दोनदा उडालंय).

पहिल्या आठवड्यात जमेल तसं छळून बघितलं. जेपेगची क्वालिटी ६० वर आणली, नंबर आला. अर्धी इमेज कापली, आला. रंग बदलला, आला. ४०९६ पिक्सेलची ५१२ केली, गेला. मग खरी परीक्षा म्हणून तेच टेक्स्चर एका गोल खांबावर चढवलं, दोन लाइट लावले, रेंडर करून, म्हणजे कॉम्प्युटरकडून त्या दृश्याचं चित्र तयार करून घेऊन, व्हिडिओ काढला आणि त्यातली फ्रेम डिटेक्टरला दिली, तर काहीच नाही. वेगळा अँगल, मोठी फ्रेम, सगळं करून झालं, शून्य. उलटं शोधणारी इमेज सर्चही इथे हात टेकते, कारण भिंत वाकलेली, त्यावर सावली पडलेली, पुढे पात्र उभं, त्यातून ती काय ओळखणार. हे विकणारे सांगत नाहीत, त्यांच्या जाहिरातीत सगळी उदाहरणं वेबसाइटवर चिकटवलेल्या फोटोंची असतात. आपला माल चिकटवायला जातच नाही, तो गुंडाळायला जातो.

आता दुसरी गंमत. उत्साहात मी सेटमधल्या सगळ्याच मॅपांवर मार्क मारला होता. नॉर्मल मॅपमध्ये रंग म्हणजे रंग नसतोच, पृष्ठभागाची दिशा असते, तिथे जरा जरी ढवळलं तरी ओल्या चकचकीत दगडावर लाइट पडल्यावर अंगावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. एका गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, मॅडम दगडाला काय झालंय? डिस्प्लेसमेंटचं तर त्याहून वाईट, सॉफ्टवेअरने १६ बिटची फाईल गुपचूप ८ बिटची, म्हणजे कमी बारकाव्याची, करून दिली आणि उतरत्या भिंतीला पायऱ्या पडल्या. ११ सेट परत एक्सपोर्ट करून फुकट बदलून दिले. तेव्हापासून मार्क फक्त बेस कलरवर, आणि तिथेही मारल्यावर इमेज अर्धी सरकवून मधला सांधा बघायचा, कारण कडेचे पिक्सेल हलले की टाइल करताना बारीक रेघ उमटते. ईएक्सआर आणि एचडीआरआय (८ बिटपेक्षा जास्त बारकाव्याच्या इमेज) विकणाऱ्यांनी तर घेऊच नका, निदान माझ्याकडे आहे ते तरी.

पण उपयोग झाला का? झाला, एकदाच, पण झाला. जांभ्याचा पॅक सहाव्या महिन्यात परत एका चॅनेलवर आला, अख्ख्या ४के फाईली जशाच्या तशा, डिटेक्टरने नंबर दिला, वही उघडली, नाव मिळालं. फोन केला तर म्हणे इंटर्न होता, सोडून गेला, ड्राइव्ह घेऊन गेला असेल. आणि माझ्या लायसन्समध्ये फाईल सांभाळायची जबाबदारी कोणाची याबद्दल एक ओळ नव्हती! म्हणजे चोर सापडला पण धरायचं कशाला ते लिहिलेलंच नाही. त्यांनी बऱ्या बोलाने थोडे पैसे भरले हे त्यांचं चांगुलपण, माझी हुशारी नाही.

दुसरा किस्सा सॉफ्टवेअरशिवायचा. गुहागरकडच्या एका घराच्या पडवीत गिलाव्यावर कोळशाने दुधाचा हिशोब लिहिलेला होता, चार उभ्या रेघा आणि एक आडवी. टाइल करताना बाकी सगळं पुसलं, ते एक राहू दिलं, मला आवडलं म्हणून. तर भाचीला मोबाईलवर बालगीत लावून दिलं होतं, त्यात बकरीच्या मागे तीच भिंत आणि तोच दुधाचा हिशोब, आणि घर दाखवलंय राजस्थानातलं. डिटेक्टरला फ्रेम दिली, अर्थातच काही नाही. मी स्टुडिओला मेल केला, सोबत माझी मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यातून निघालेली, हात न लावलेली) आणि तिच्या आगेमागे काढलेल्या चार फ्रेम जोडल्या. दोन दिवसांत उत्तर आलं की आम्ही तर अख्खं घराचं मॉडेल विकत घेतलंय, ही पावती. म्हणजे कुणीतरी माझं टेक्स्चर स्वतःच्या मॉडेलमध्ये बेक करून, म्हणजे त्यातच कायमचं मिसळून, विकत होतं. स्टुडिओने माझं लायसन्स घेतलं, मॉडेल त्या साइटवरून उतरवलं गेलं, विकणारा दुसऱ्या नावाने परत आला असेल तर देव जाणे. आता मी प्रत्येक सेटमध्ये अशी एखादी खूण मुद्दाम ठेवते, खिळा, पान, पोपडा, आणि रॉ फाईल कोणालाही, कितीही पैसे दिले तरी देत नाही.

त्या घरच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगो, भिंत आमची, कोळसा आमच्या आजीचा, नि पैसे तुला?" प्रश्न चुकीचा नाही. पण कॉपीराइट कायद्यात इमारतीचा फोटो काढायला कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याचा. काकांना मोठी प्रिंट फ्रेम करून दिली, ती त्यांनी त्याच भिंतीवर लावलीय.

कायद्याचं थोडं, कारण मेसेजमध्ये लोक हेच विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, फोटो काढला की हक्क आलाच, पण वाद झाला तर सर्टिफिकेट हा पहिला पुरावा धरतात. कलाकृतीला ५०० रुपये फी, ऑनलाइन फॉर्म, डायरी नंबर (अर्जाचा नंबर) मिळाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं, पुढे नशीब. मी चांगले खपणारे तीनच केले, १४० चे पैसे कोण भरणार. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५बी आलं, फाईलमधली हक्काची माहिती मुद्दाम काढणं हाच गुन्हा, म्हणून एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने प्रत्येक फाईलमध्ये नाव आणि लायसन्स भरते. ते फुकट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती उडते हे खरं, पण झिपमध्ये टिकते. आपल्याकडच्या साइटला नोटीस दिली तर ३६ तासांत उतरवायला लागतं, फक्त २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात, आणि ९०० रुपयांच्या पॅकसाठी कोर्टात कोण जातंय.

सगळ्यात जास्त फरक पडला तो लायसन्स नव्याने लिहिल्यावर. किती जणांनी वापरायचं, उघडी फाईल पुढे द्यायची नाही, मॉडेलमध्ये बेक करून विकायचं नाही, एआय ट्रेनिंगला नाही, फाईल फुटली तर घेणारा जबाबदार. आणि मोठ्या स्टुडिओची वर्क ऑर्डर सही करण्याआधी वाचा हो, "सर्व हक्क" असं एका ओळीत घुसवलेलं असतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं कायदा धरतो, म्हणून ते लोक "कायमस्वरूपी, जगभर" लिहायला विसरत नाहीत, आपण खोडायला विसरतो.

पाचपैकी तीन देईन. वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय, खालचा प्लॅन घेणार, वर्षाला ५०० इमेजवाला, तेवढ्यात वीस सेटचं भागतं. विंडोजवर बॅच चालवताना फाईलच्या नावात मराठी अक्षर असेल तर अजूनही अडकतं, त्यांना तीनदा कळवलंय.